मूत्रपिंड प्रत्यारोपण : रक्तपुरवठ्यावर पहारा

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. शरीर परके मूत्रपिंड नाकारील, ही भीती सर्वपरिचित आहे. मात्र पहिल्या काही दिवसांत त्याहून तातडीचे संकट म्हणजे नव्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा खंडित होणे. ते मोजक्याच रुग्णांवर ओढवते. पण ओढवले की हाती वेळ फार थोडा उरतो.

धोका कशामुळे?

नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूस बसवून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडले जाते. मूळ मूत्रपिंडाला भोवतालच्या बारीक वाहिन्यांतूनही थोडे रक्त मिळते. नव्याला ही सोय नसते. रक्त आणणाऱ्या रोहिणीत किंवा ते परत नेणाऱ्या नीलेत गुठळी झाली, वाहिनीला पीळ पडला अथवा साकळलेल्या रक्ताचा दाब आला, की प्रवाह थांबतो. थंड द्रावणात मूत्रपिंड अनेक तास टिकते. शरीराच्या उष्णतेत मात्र रक्ताविना सुमारे तासाभरातच त्याची कायमची हानी होऊ शकते.

लक्षणे फसवी

शस्त्रक्रियेनंतर लघवी दर तासाला मोजली जाते. ती एकाएकी घटणे, ही पहिली सूचना. प्रथम नळी तुंबली नाही ना, हे पाहिले जाते. परंतु केवळ लघवीवर विसंबता येत नाही. रुग्णाची जुनी मूत्रपिंडे सहसा काढली जात नाहीत व ती थोडी लघवी करीत असू शकतात. उलट, मृत दात्याचे मूत्रपिंड कधीकधी काही दिवस उशिरा काम सुरू करते. रक्तातील क्रिएटिनिन वाढायलाही वेळ लागतो. नीला बंद झाल्यास सूज, वेदना व लघवीत रक्त दिसते. रोहिणी बंद झाल्यास बहुधा वेदनाही होत नाहीत.

डॉप्लरची मदत

म्हणूनच डॉप्लर सोनोग्राफी महत्त्वाची ठरते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने रक्ताचा वेग व दिशा दाखवणारी ही तपासणी रुग्णाच्या खाटेजवळच, इंजेक्शनाविना होते. रोहिणी बंद असल्यास मूत्रपिंडात प्रवाहच दिसत नाही; नीला बंद असल्यास हृदयाच्या दोन ठोक्यांदरम्यान रक्त उलटे फिरताना दिसते. शंका उरल्यास किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून स्कॅन केला जातो. वाहिनीलगत सूक्ष्म डॉप्लर बसवून अखंड नोंद घेण्याचे प्रयोगही झाले आहेत. मात्र ती नित्याची पद्धत झालेली नाही.

प्रवाह थांबल्याचे दिसताच तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करणे, हाच मार्ग उरतो. तरीही प्रत्येक मूत्रपिंड वाचतेच असे नाही. भारतात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत दात्यांची, प्रामुख्याने आप्तांची असतात. एक गमावले, तर दुसरा दाता सहज मिळत नाही. त्यामुळे लघवी अचानक कमी होणे वा नव्या मूत्रपिंडाच्या जागी दुखणे, हे रुग्णाने अथवा नातेवाइकांनी सकाळच्या फेरीपर्यंत थांबून न राहता तत्काळ परिचारिकेच्या कानी घालणे श्रेयस्कर.