चार टन मीठ

सफारी हा शब्द स्वाहिली. मूळ अरबी ‘सफर’, आपल्याही तोंडातलं. नुसता प्रवास. त्याला शिकारीचा अर्थ चिकटला आणि जगभर गाजला, तो बराचसा थिओडोर रूझवेल्ट यांच्यामुळे.

अध्यक्षपद सोडून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच मार्च १९०९ मध्ये ते आफ्रिकेला निघाले. तयारी मात्र आदल्या वर्षापासूनची. वाटाड्या शिकारी कनिंगहॅम, तंबू, बंदुका, डुकराच्या कातड्यात बांधलेली पुस्तकं, आणि चार टन मीठ! स्वयंपाकाला नव्हे हं, मारलेल्या जनावरांची कातडी टिकवायला. किलोची पुडी आणणाऱ्या आपल्याला तो ढीग डोळ्यांपुढेही येत नाही. रेल्वे सोडली की सगळं ओझं दोनशेहून अधिक हमालांच्या डोक्यावर.

बाप-लेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली. झेब्रे, हरणं, सिंह, हत्तीसुद्धा. बरीचशी संग्रहालयासाठी, हे खरं. तरी तो आकडा माझ्या गळी उतरत नाही.

त्याच सुमारास जामनगरकडचे ओसवाल जैन मोंबासा-नैरोबीकडे दुकानं थाटत होते. मुंगी चुकवून चालणारी माणसं! एखाद्या शिकाऱ्यानं त्यांच्याकडे मीठ मागितलं असतं, तर दिलं असतं का त्यांनी?

केनियानं शिकारीवर बंदी घातली ती १९७७ साली.