कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता टिकवायचा कसा? फ्रिज असो वा नसो, या पद्धती वापरा

मालेगाव : कोथिंबिरीच्या भावाचा काही नेम नसतो. थंडीत आवक वाढली की भाव इतका पडतो की काढणीची मजुरी निघत नाही, आणि शेतकऱ्यावर जुड्या रस्त्यावर ओतायची किंवा उभ्या पिकात जनावरं सोडायची वेळ येते. मे महिन्यात किंवा पावसाच्या झडीत मात्र तीच जुडी घेताना बाई दोनदा विचार करते. बाजारभाव आपल्या हातात नाही. पण घरी आणलेली जुडी तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर जाऊ नये, एवढं तर आपण नक्की करू शकतो.

पाला खराब का होतो?

काढणीनंतरही पानं जिवंत असतात. त्यांचा श्वास चालू असतो आणि त्यांच्यातलं पाणी उडत राहतं. एप्रिल-मे मध्ये मालेगावचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघडी ठेवलेली जुडी दुपारपर्यंत मान टाकते. उलट पिशवीत ओली कोंबून ठेवली तर पाणी पानावरच साचतं आणि पाला काळा, चिकट होतो. म्हणजे पान सुकूही द्यायचं नाही आणि ओलंही ठेवायचं नाही. खालच्या सगळ्या पद्धतींचं मर्म एवढंच आहे.

फ्रिज असेल तर

• जुडी आणल्याबरोबर दोरा किंवा रबर काढा. पिवळी, सडकी पानं वेगळी करा. एक सडकं पान सगळी जुडी नासवतं.
• धुवू नका. वापरायच्या वेळीच दोन-तीन पाण्यांतून धुवा. पावसाळ्यात जुडी चिखलाने भरलेली असेल तर धुवावीच लागते. मग सुती कापडावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या.
• मुळं कापा, जुडी कोरड्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन-तीन दिवसांनी फडकं दमट लागलं तर बदला. अशी कोथिंबीर दहा-बारा दिवस सहज चालते.
• शेजारी पिकलेली केळी, टोमॅटो, सफरचंद ठेवू नका. पिकलेल्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने पाला लवकर पिवळा पडतो.
• पुदिन्यालाही हीच पद्धत चालते. कढीपत्त्याची पानं काडीवरून ओरबाडून कोरड्या डब्यात ठेवली तर दोन आठवडे तरी टिकतात.

फ्रिज नसेल किंवा लाईट जात असेल तर

मुळासकट जुडी पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन उभी करा. फक्त मुळं पाण्यात बुडवा, पानं नाही. वरून ओलं फडकं सैल टाका आणि पाणी रोज बदला. सावलीत दोन-तीन दिवस ताजी राहते.

जास्त माल असेल तर दोन मडक्यांची युक्ती करा. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवून मधल्या जागेत वाळू भरायची. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, लहान मडक्यात कोरडा पाला ठेवून वर ओलं गोणपाट टाकायचं. मडकी रंगवलेली नकोत, नाहीतर पाणी झिरपत नाही. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने आतला पाला गार राहतो. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात हीच पद्धत तिथल्या गावोगावी पोहोचवली. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने (पुसा) याच तत्त्वावर विटा आणि वाळूचा ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ तयार केला. तो बांधावरच्या सावलीत बांधता येतो, भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या कामाचा आहे.

एक ध्यानात ठेवा : ही युक्ती कोरड्या हवेत चालते. आपल्या उन्हाळ्यात उत्तम, पावसाळ्यात हवा दमट असल्याने फारसा उपयोग नाही.

स्वस्ताईत घ्या, महागाईत वापरा

गोठवणे : कोथिंबीर-पुदिना थोड्या पाण्यात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. गोठले की तुकडे पिशवीत काढून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीन महिने आमटी, रस्सा, बिर्याणीला चालतात. वरून भुरभुरायला मात्र चालत नाहीत, कारण गोठलेलं पान मऊ पडतं. लाईट जाऊन तुकडे वितळले तर लगेच वापरा, पुन्हा गोठवू नका.

वाळवणे : कढीपत्ता, पुदिना आणि मेथी सावलीत, हवेशीर जागी वाळवा. कडक उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात. पान हाताने चुरचुर मोडलं की झालं. मग कोरड्या बरणीत भरा. कोथिंबीर वाळवण्यात अर्थ नाही, तिचा वास वाळताना उडून जातो.

देठ टाकू नका : कोथिंबिरीच्या कोवळ्या देठात पानाइतकाच वास असतो. चटणीत, रश्शाच्या वाटणात घाला.

हे टाळा

ताजी पानं किंवा लसूण कच्च्या तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि तिथे बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात. त्याचं विष जीवघेणं असतं, आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असं नाही. असं तेल केलंच तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवा. बुरशी आलेला वाळलेला पाला झटकून वापरू नका, सगळाच टाकून द्या.

आणि शेवटचं : बाजारात सकाळी लवकर जा. उन्हात तापलेली, वरून पाणी मारून हिरवीगार दिसणारी जुडी कितीही जपली तरी टिकत नाही. जुडीच्या मध्ये हात घालून बघा. आत गरम किंवा चिकट लागली तर तिथेच ठेवा, दुसरी उचला.