ताण आणि ओलीत: नागपुरी संत्र्याच्या पाण्याचा इतिहास

अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची कलमे नागपुरात आणली, असे परंपरा सांगते. राजवाड्याच्या बागांतून हे झाड पुढे काटोल, नरखेड, वरुड आणि मोर्शीच्या काळ्या जमिनीत पसरले आणि विहिरीचे ओलीत हाच त्याचा आधार झाला. बैलजोडी धावेवरून उतरली की नाड्याला बांधलेली चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई आणि ते पाणी पाटाने झाडाच्या आळ्यात जाई. पुढे मोटेची जागा ऑइल इंजिनाने आणि त्याची जागा विजेच्या पंपाने घेतली, तरी पाणी झाडापर्यंत नेणारा पाट आणि ते धरून ठेवणारे आळे कायम राहिले.

या बागायतीच्या केंद्रस्थानी मात्र पाणी तोडण्याची रीत आहे. मध्य भारताच्या हवामानात संत्र्याला वर्षातून एकाहून अधिक वेळा फुले येऊ शकतात आणि झाडाची शक्ती त्यात विखुरते. म्हणून एकच बहार निवडून त्याआधी ओलीत थांबवतात. यालाच ताण देणे म्हणतात. आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास फुलणारा तो आंबिया बहार, त्याचा ताण डिसेंबर-जानेवारीत बसतो. मृगाच्या पावसावर फुलणाऱ्या मृग बहाराचा ताण मे महिन्यात येतो. पाने मलूल होऊन काही गळू लागली की ताण पुरा झाल्याचे अनुभवी बागाईतदार ओळखी, आळ्यात शेणखत व पेंड मिसळी, पहिले हलके पाणी, म्हणजे आंबवणी, देई आणि काही दिवसांनी भरपूर पाण्याची चिंबवणी करी. खत आणि पाणी यांची सांगड ठिबक सिंचनाच्या किती तरी आधी या दोन पाळ्यांतच घातली गेली होती, ही गोष्ट आधुनिक लेखनात फारशी अधोरेखित होत नाही आणि ती व्हायला हवी.

आळ्यातल्या पाण्याचा दोष खोडावर दिसे. फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू ओल्या मातीत वाढतो. पाणी बुंध्याला लागून राहिले की साल तडकते, तिच्यातून मधाच्या रंगाचा डिंक ओघळून थेंबाथेंबाने गोठतो आणि हळूहळू सगळे झाड वाळते. या डिंक्या रोगावरचा साधा उपाय दुहेरी आळ्याचा होता: बुंध्याभोवती मातीचे लहान कडे करून ते कोरडे ठेवायचे आणि पाणी त्याच्या व बाहेरच्या कड्याच्या मधल्या पट्टीत सोडायचे. संत्र्याची अन्न शोषणारी बहुतेक तंतुमुळे वरच्या थरात आणि झाडाच्या घेराखाली पसरलेली असल्याने ही पट्टी अगदी योग्य जागी पडे.

पाणी बुंध्याऐवजी मुळांशी देण्याचे हेच तत्त्व ठिबक सिंचनाने नळीत आणले. इस्रायलमधील अभियंता सिम्हा ब्लास यांच्या प्रयत्नांतून 1965 मध्ये हात्झेरिम किबुत्झमध्ये ठिबक नळ्यांचे उत्पादन उभे राहिले. महाराष्ट्रात 1980 च्या दशकात अनुदान आणि जळगावच्या ठिबक उद्योगामुळे ही पद्धत फळबागांत रुजू लागली. नागपुरात 1985 मध्ये स्थापन झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने तिचा संत्र्यासाठी अभ्यास केला. झाडाचा घेर वाढेल तसे ड्रिपर, म्हणजे नळीतून थेंब सोडणारी तोंडे, बुंध्यापासून दूर सरकवावे लागतात, कारण मुळे ओलाव्यामागे जातात. पाण्यातच विद्राव्य खत सोडण्याच्या पद्धतीला फर्टिगेशन म्हणतात. तिच्यामुळे वर्षातून दोन-तीनदा टोपलीने पडणारे खत लहान हप्त्यांत, फुलोऱ्यापासून फळ पोसेपर्यंत, मुळांशी पोहोचू लागले. मात्र विदर्भातील विहिरींचे पाणी चुनखडीचे असल्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पुटे धरतात आणि त्याच पाण्यात स्फुरदाचे चुकीचे खत मिसळले तर गाळ साचून नळी तुंबते. म्हणून आम्लाने नळ्या धुण्याचे काम बागेच्या नेमात आले.

ठिबकमुळे प्रत्येक झाडामागे पाण्याची बचत झाली, पण वाचलेल्या पाण्यावर नव्या बागा उभ्या राहिल्या. ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणवणाऱ्या भागातील वरुड तालुक्याची भूजलाच्या दृष्टीने अतिशोषित म्हणून नोंद झाली आणि विहिरी आटल्यावर बोअर खोल जात राहिले. आज ताण देण्यासाठी पाट अडवावा लागत नाही, व्हॉल्व्ह बंद केला की काम होते. पण काळी माती ओल सहजी सोडत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत अवकाळी सरी आल्या की बंद व्हॉल्व्ह असूनही ताण मोडतो.