दाबलेली माहितीपत्रे : डेबियनच्या एका नियमाचा इतिहास

आज्ञावलीच्या पॅकेजातील माहितीपत्रे दाबून, म्हणजे संपीडित करून, ठेवावीत की मूळ रूपात, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु साठवणीची काटकसर आणि वाचकाची सोय यांचा जुना तंटाच त्यात दडलेला आहे. येथे डेबियन या संग्रहाच्या नियमापुरताच विचार केला आहे.

युनिक्सवरील ‘कॉम्प्रेस’ हे साधन पेटंटाच्या कचाट्यात सापडल्यामुळे झां-लू गेली व मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२ साली ‘जीझिप’ सिद्ध केले. पुढच्याच वर्षी ईअन मर्डॉक यांनी डेबियनचा आरंभ केला. घरगुती संगणकाच्या तबकडीत त्या काळी काही शे मेगाबाइटच मावत. तेव्हा माहितीपत्रे जीझिपने दाबण्याचा दंडक रूढ झाला यात नवल नाही. चार किलोबाइटांहून लहान फायलींना त्यातून सूट मिळाली, आणि ती योग्यच होय. तबकडीवरील जागा बहुधा चार किलोबाइटांच्या ठोकळ्यांनी मोजली जाते; ठोकळ्याहून लहान फाइल दाबून काहीच वाचत नाही.

परंतु एक विसंगती राहिली. पॅकेज स्वतःच दाबलेले असते. २०१३ पासून तर त्यासाठी अधिक समर्थ असे ‘एक्सझेड’ प्रचारात आले. आत आधीच दाबलेल्या मजकुरातून बाहेरच्या साधनास पिळून काढण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणजे बसवलेल्या संगणकावर जागा वाचते खरी, पण वाहतुकीचे ओझे उलट वाढण्याचा संभव असतो! शिवाय दाबलेली उदाहरण-आज्ञावली उलगडल्यावाचून चालवता येत नाही. नवशिक्याला ही अडचण चांगलीच जाणवत असे.

माझ्या मते नियमाचे मर्म त्याच्या अपवादात आहे. स्वामित्वहक्काची फाइल, तिचा आकार कितीही असो, दाबावयाची नाही. कायद्याचा मजकूर कोणत्याही साधनावाचून वाचता आला पाहिजे, हे तेथे मान्य झाले. शिकणाऱ्याच्या मजकुरास मात्र तो मान बराच काळ मिळाला नाही.

२०१३ च्या सातव्या आवृत्तीत दोन जातींच्या यंत्रांची पॅकेजे एकाच संगणकावर नांदू लागली, तेव्हा निराळाच पेच उद्भवला. दोहोंतील सामाईक फाइल अक्षरशः एकसारखी हवी. जीझिप तर मथळ्यात वेळ नोंदवून ठेवतो. ती नोंद गाळण्याची सोय त्या साधनात होतीच, पण ती न वापरता बांधलेल्या पॅकेजांत मजकूर तोच असूनही फायली भिन्न ठरत.