गॅरी क्लार्क ज्युनियर यांचा ‘जेपीईजी रॉ’: ब्लूजची वेस ओलांडणारा अल्बम

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे १९८४ मध्ये जन्मलेले गिटारवादक व गायक गॅरी क्लार्क ज्युनियर यांचा ‘जेपीईजी रॉ’ हा अल्बम २२ मार्च २०२४ रोजी प्रकाशित झाला. एरिक क्लॅप्टन यांच्या २०१० च्या क्रॉसरोड्स महोत्सवातील वादनानंतर ब्लूजचा वारसदार म्हणून क्लार्क यांच्याकडे पाहिले जाऊ लागले. हा मान काहीसा जोखडासारखाही होता. २०१९ च्या ‘धिस लँड’ला रॉक आणि ब्लूज अशा दोन्ही विभागांत मिळून तीन ग्रॅमी मिळाले, तेव्हाच त्यांचा कल स्पष्ट झाला होता.

कोरोनाकाळात सहकारी वादकांसमवेत केलेल्या मुक्त वादनातून नव्या अल्बमची बीजे रुजली. संगणकावरील छायाचित्रांच्या प्रकारांची आठवण करून देणारे शीर्षक प्रत्यक्षात मत्सर, गर्व, अहंकार, लोभ आदी अर्थांच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून घडले आहे. पहिल्या ‘मक्तूब’ या गीताचे नाव अरबी असून त्याचा अर्थ ‘लिहिलेले’, म्हणजेच विधिलिखित. त्यानंतर हिपहॉप, जॅझ, सोल आणि फंक एकमेकांत मिसळतात. स्टीव्ही वंडर, जॉर्ज क्लिंटन आणि ट्रम्पेटवादक कीऑन हॅरोल्ड यांचा सहभाग केवळ नावापुरता नाही. त्यांच्या गीतांचा बाजच बदलतो. केवळ गिटारसाठी क्लार्क यांना ऐकणाऱ्यांस मात्र संयम ठेवावा लागतो. अखेरचे ‘हॅबिट्स’ हे गीत सुमारे नऊ मिनिटांचे आहे.