डॉक्टरसाहेबांची हेराल्ड

१९७२ चा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. माण तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा चार चाकांचं म्हणजे सकाळ-संध्याकाळची एस.टी., सोसायटीचा ट्रॅक्टर आणि डॉक्टरसाहेबांची हेराल्ड. आमचे आबा तिचे ड्रायव्हर. मी चौदा वर्षांचा. शाळा सुटली की दप्तर फेकायचं आणि गाडी पुसायला पळायचं, हा माझा नेम.

त्या काळात आपल्या देशात बनणाऱ्या मोटारी म्हणजे मुख्यतः तीन घराण्यांच्या. कलकत्त्याकडची अँबॅसडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. हेराल्ड ही त्या मद्रासच्या घरातली. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, तिकडे १९५९ साली आली. तिचा आकार मिकेलॉटी नावाच्या इटालियन माणसानं काढलेला. १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली आणि १९७१ मध्ये बंद झाली. इंजिन लहानसं, ९४८ सीसीचं. पण बॉनेट असं की मडगार्डांसकट सगळं तोंडच पुढं उघडायचं. सुसरीनं जबडा पसरावा तसं. ते बघायला आम्ही पोरं दावणीची गुरं सोडून यायचो.

तिची दुसरी नवलाई म्हणजे क्लच. सोसायटीच्या ट्रॅक्टरचा क्लच सळ्यांनी आणि दांड्यांनी चालायचा, ते डोळ्यांना दिसायचं. हेराल्डचं काम नळीतल्या द्रवावर. मला ते कळेना म्हणून डॉक्टरसाहेबांनी एकदा इंजेक्शनच्या दोन काचेच्या पिचकाऱ्या घेतल्या, पाणी भरून रबरी नळीनं जोडल्या. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा आपोआप बाहेर सरकायचा. "हाच तुझा क्लच," ते म्हणाले. "पायाखाली वरचा सिलिंडर, गिअरबॉक्सवर खालचा. मध्ये हवा शिरली किंवा कुठं गळलं, की पाय दाबूनही उपयोग नाही."

गळती लागली ती दिवाळीनंतर. बॉनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर दोन डबे शेजारी शेजारी, एक ब्रेकचा, एक क्लचचा. क्लचच्या डब्यातली पातळी आठवड्याला बोटभर उतरू लागली. आबा म्हणाले, "भर घालत जा रं, सवडीनं चाचाकडं नेऊ." मी भर घालायला लागलो. पंधरा दिवसांत बाटली संपली. त्या द्रवाला सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणायचे. मी म्हटलं, ऑइल ते ऑइल. कपाटात इंजिन ऑइलचा डबा होता, त्यातलं ओतलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

आठ-दहा दिवसांत पॅडल चिकट झालं. दाबलं की वर यायला वेळ लावायचं. मग एका रात्री दहाच्या सुमाराला वस्तीवरून माणूस आला, बाई अडली होती. आबांनी गाडी काढली, क्लच दाबला, गिअर घालायला गेले तर नुसता करकराट. पॅडल पार पत्र्याला टेकलेलं. आबांनी इंजिन बंद केलं, पहिला गिअर घातला आणि तसाच स्टार्टर मारला. गाडी धक्के खात निघाली. पुढचे गिअर त्यांनी इंजिनाच्या आवाजावरून टाकले. सात मैल कुठं थांबले नाहीत, कारण थांबलं की पुन्हा तेच. बाळ-बाळंतीण वाचली. पण परत आल्यावर डॉक्टरसाहेब एवढंच म्हणाले, "गाडीची निगा तुमच्याकडे आहे ना?" आबा खाली बघत उभे राहिले. मी दाराआड होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी दहिवडीला चाचांकडं. लिंबाच्या झाडाखाली चार पत्रे, तेच गॅरेज. डॉक्टरसाहेबही आले होते. चाचांनी आधी पाना उचलला नाही. पायाखालची चटई काढून पॅडलच्या मुळाशी बोट फिरवलं, ओलं लागलं. तिथला रंगही सोलून निघालेला, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. मग आतून गिअरबॉक्सवरचं झाकण उतरवलं, खालच्या सिलिंडरचा रबरी बूट मागं सारला. आतून धार लागली. "दोन्हीकडनं गेलंय," ते म्हणाले. शेवटी डब्याचं झाकण उघडलं. त्यातलं रबर फुगून भाकरीसारखं झालेलं. चाचा गप्प झाले. पेल्यात पाणी घेतलं आणि डब्यातलं दोन थेंब त्यात सोडलं. "ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे बघा साहेब, तरंगतंय. कुणीतरी इंजिनचं तेल घातलं हाये."

डॉक्टरसाहेबांनी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "न्हाई साहेब, म्या न्हाई." माझ्या तोंडाला कोरड पडली. नोकरी गेली तर घरात दुसरी मिळकत नव्हती, दुष्काळातली उसनवारी अजून फिटायची होती. "मी घातलं," असं म्हटलं ते मला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही.

आबांचा हात उठला होता. चाचांनी तो धरला. मला बॉनेटपाशी नेऊन दुसऱ्या डब्यावर बोट ठेवलं. "ह्यात वतलं असतंस तर? रातच्याला उतारावर बिरेक लागला नसता. तुजा बाप आन् साहेब दोघं गेलं असतं." त्या डब्यातलंही त्यांनी पाण्यात टाकून बघितलं. मिसळलं. तेव्हा कुठं माझा श्वास खाली आला.

तेल लागलेलं रबर परत वापरायचं नसतं. पुण्याच्या नाना पेठेतून दोन्ही सिलिंडरांची किटं आणि नवी नळी यायला चार दिवस लागले. तोवर चाचांनी सगळं खोलून स्पिरिटनं धुतलं. रॉकेल-पेट्रोलला शिवू दिलं नाही. सिलिंडरमध्ये बॅटरी मारून दाखवलं, जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यानं आत गंज धरतो आणि तो नवं वायसरही कापतो. बारीक पॉलिश पेपर फिरवून नख अडकतंय का ते माझ्याकडूनच तपासून घेतलं. नख अडकलं नाही, सिलिंडर वाचले. मी विचारलं, वरचंच किट टाकलं असतं तर? "वरचा नवा जोर खालच्या जुन्याला फोडतो. जोडीनं म्हातारी झालीत, जोडीनंच दुरुस्त करायची."

शेवटी हवा काढायची. मी पॅडलवर, चाचा खालच्या निपलपाशी नळी आणि बाटली घेऊन. "दाब. धर. सोडू नको." ते निपल उघडत, बुडबुडे येत, निपल बंद करत. "आता सोड." असं वीस-बावीस वेळा. बुडबुडे थांबले तसं पॅडल पायाखाली घट्ट झालं.

खर्च डॉक्टरसाहेबांनी दिला, पगारातून कापला नाही. आबांची नोकरी राहिली. पण महिनाभर त्यांनी मला गाडीला हात लावू दिला नाही.

पुढं मी चाचांकडंच शिकलो आणि स्वतःचं गॅरेज टाकलं. आजही कुणी पोरगं डब्याचं झाकण उघडायला लागलं की मी त्याचा हात धरतो आणि म्हणतो, आधी बाटलीवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच.