बोवेन रोग व पॅपिलोमा विषाणू

बोवेन रोग : त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, म्हणजे बाह्यत्वचेत, उद्‌भवणारा आणि त्याच थरापुरता राहिलेला कर्करोग. बॉस्टनचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन टेम्पलटन बोवेन यांनी १९१२ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. या अवस्थेत रोग पूर्ण बरा होऊ शकतो. उपचार न केल्यास सुमारे ३ ते ५ टक्के रुग्णांत तो खोलवर शिरतो. ऊन, आर्सेनिकयुक्त पाणी आणि दुबळी प्रतिकारशक्ती ही त्याची परिचित कारणे आहेत. शरीराच्या काही भागांत मात्र मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) हे प्रमुख कारण असते.

लक्षणे : लालसर, खपली धरणारा, स्पष्ट कडांचा एखादाच चट्टा महिनोन्‌महिने हळूहळू पसरत जातो. तो फारसा दुखत नाही, त्यामुळे गजकर्ण, इसब किंवा सोरायसिस समजून मलमे लावली जातात. नखाजवळचा रोग तर सहज फसवतो. नखाच्या कडेची कातडी चामखिळीसारखी खरखरीत होते, नख उचलले जाते किंवा दुभंगते, कधी त्यावर काळपट उभी रेघ उमटते. चामखीळ किंवा बुरशी समजून उपचार करण्यात कित्येकदा वर्षे निघून जातात.

सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यत्वचेच्या संपूर्ण जाडीत पेशींची रचना विस्कटलेली दिसते. केंद्रके मोठी व गडद असतात. तळाचे पटल मात्र अभंग असते. ते फुटले की रोग पुढच्या टप्प्यात गेला असे ठरते.

विषाणूचे कार्य : एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांपैकी अल्फा गटातला १६ क्रमांकाचा प्रकार जननेंद्रियांच्या व नखांभोवतीच्या बोवेन रोगात वारंवार आढळतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागेही मुख्यतः हाच प्रकार असतो. त्याची दोन प्रथिने पेशीच्या वाढीवरचा अंकुश काढून घेतात : ई६ हे पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवते, तर ई७ हे आरबी प्रथिन निकामी करते. मग जनुकीय बिघाड झालेली पेशीही विभागत राहते. काही रुग्णांच्या बोटांवर व जननेंद्रियांवर एकच प्रकार सापडल्याने संसर्ग हातावाटे पोहोचत असावा, असे मानले जाते.

बीटा गटाचे विषाणू : या गटाचा कर्करोगाशी असलेला संबंध एका दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे उघड झाला. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या फेलिक्स लेवांडोव्हस्की व विल्हेल्म लुट्झ यांनी १९२२ मध्ये एपिडर्मोडिस्प्लेसिया वेरुसिफॉर्मिस या आजाराचे वर्णन केले. त्यात लहानपणापासून अंगावर शिब्यांसारखे चट्टे व चपट्या चामखिळी उठतात आणि बऱ्याच रुग्णांना पुढे, बहुधा ऐन तारुण्यानंतर, उघड्या भागांवर कर्करोग होतो. वॉर्सा येथील स्टेफानिया याब्लोन्स्का आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील जेरार ऑर्थ यांनी १९७० च्या दशकात या गाठींमधील विषाणूंचा अभ्यास केला. ५ व ८ हे प्रकार कर्करोगाशी निगडित आढळले. २००२ मध्ये या आजाराला कारण असलेली एव्हर१ व एव्हर२ ही जनुके ओळखली गेली.

निरोगी माणसाच्या त्वचेवरही बीटा विषाणू निमूटपणे वास्तव्य करतात. उन्हाने होणाऱ्या कर्करोगपूर्व खरखरीत डागांत त्यांचे प्रमाण बरेच असते, पूर्ण वाढलेल्या कर्करोगात मात्र ते कमी होते. यावरून एक मत पुढे आले : अतिनील किरणांनी डीएनए बिघडल्यावर विषाणू त्याच्या दुरुस्तीत अडथळा आणतो, पुढे कर्करोगाला त्याची गरज उरत नाही. याउलट, २०१९ मध्ये बॉस्टन येथील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, त्वचेवरच्या विषाणूंविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्तीच कर्करोगापासून संरक्षण देते असे दिसले. म्हणजे विषाणूच्या अस्तित्वाइतकेच महत्त्व त्याला आवर घालणाऱ्या प्रतिकारशक्तीला आहे. मूत्रपिंड किंवा हृदय प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना त्वचेचा कर्करोग अनेक पटींनी अधिक होतो, हेही याच निष्कर्षाशी जुळते.

निदान व उपचार : निदान बायॉप्सीनेच पक्के होते. चट्ट्याची जागा व आकार पाहून शस्त्रक्रिया, गोठवणे, खरवडणे, प्रकाशोपचार किंवा फ्लुओरोयुरासिल, इमिक्विमोड यांसारखी मलमे वापरतात. नखाजवळ बोट वाचवण्यासाठी थराथराने तपासत केलेली मोह्‌स शस्त्रक्रिया उपयोगी ठरते. रोग उलटू शकत असल्याने नंतरही नियमित तपासणी आवश्यक असते.

प्रतिबंध : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध आहे. ती मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी असली तरी १६ क्रमांकाचा संसर्ग टळल्याचा लाभ त्वचेलाही मिळू शकतो. ती संसर्गापूर्वी घेतल्यास उपयोगी पडते; बीटा प्रकारांविरुद्ध ती संरक्षण देत नाही. त्यांच्या बाबतीत उन्हापासून बचाव हाच खरा उपाय आहे. हातापायांवरच्या साध्या चामखिळी वेगळ्या प्रकारांमुळे होतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर जवळजवळ कधीच होत नाही. त्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. पण प्रौढ वयात एकाच बोटाला झालेली, उपचारांना दाद न देणारी चामखीळ किंवा मलमांनी न हटणारा एकटा चट्टा असेल, तर औषध बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडून बायॉप्सी करून घ्यावी.